पोर्ट मोठा केला की बेस वाढतो? नाही, ट्यूनिंग वर सरकतं

सबवूफरच्या (फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरच्या) बॉक्सबद्दल एक सल्ला मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय: 'चार इंची पोर्ट काढा, सहा इंची बसवा, बेस दुप्पट. लांबी तीच ठेवा, तिने फरक पडत नाही. पोर्ट म्हणजे हवा जायला ठेवलेलं भोक. पाइप आत मावत नसेल तर कापा.' यावर विश्वास ठेवून लोक चांगले जमलेले बॉक्स बिघडवतात आणि वूफरही (बॉक्समधला बेसचा स्पीकर) गमावतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते 'भोक'. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर घुमतो. मानेतली हवा हे वजन, पोटातली हवा ही स्प्रिंग. बाटलीत थोडं पाणी ओता. पोटातली हवा कमी झाली, स्प्रिंग कडक झाली, सूर चढला. बेल लॅब्सच्या अल्बर्ट थुरस यांना १९३२ मध्ये पोर्टवाल्या बॉक्सचं पेटंट मिळालं, ते याच तत्त्वावर. बॉक्स म्हणजे बाटली, पोर्टचा पाइप म्हणजे तिची मान. बॉक्सचा हा सूर, म्हणजेच त्याचं ट्यूनिंग, तीन गोष्टींवर ठरतो: पोर्टच्या तोंडाचं क्षेत्रफळ, पोर्टची लांबी आणि आतली निव्वळ हवा. कोणत्या वूफरला कोणता सूर मानवेल हा वेगळा प्रश्न आहे.

आता 'लांबीने फरक पडत नाही'. इथे आकडेच मांडतो. वूफर आणि पाइपची जागा वजा करून ५० लिटर हवा उरते असं धरा. आतला व्यास १० सेंमी (साधारण चार इंच) असलेला पाइप घेतला, तर ३५ हर्ट्झच्या ट्यूनिंगसाठी तो साधारण ३१ सेंमी लांब लागतो. त्याजागी १५ सेंमी (सहा इंची) व्यासाचा पाइप बसवला आणि लांबी ३१ च ठेवली, तर ट्यूनिंग थेट ५० हर्ट्झच्या आसपास जातं. ३५ वर राहायचं तर हा जाड पाइप सुमारे ७५ सेंमी हवा. चार इंची दुसरा पाइप शेजारी बसवला तरी तेच होतं, कारण क्षेत्रफळ दुप्पट झालं.

मग लोकांना बेस वाढल्यासारखा का वाटतो? ५० ते ६० हर्ट्झची धडक छातीवर बसते, म्हणून. पण ट्यूनिंगच्या खाली पोर्टचा आवाज कोनच्या (वूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याच्या) आवाजाच्या उलट्या फेजमध्ये जातो, म्हणजे एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि आवाज दर सप्तकाला (हर्ट्झचा आकडा निम्मा होताना) २४ डेसिबलच्या उताराने पडतो. पूर्वी ४० हर्ट्झला जो खोल बेस येत होता, तो हातचा जातो. त्याहून वाईट म्हणजे ट्यूनिंगच्या खाली आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलू लागतो. अशाने कोनमागची तारेची कॉइल मागच्या प्लेटवर आपटते, कोनला मधोमध धरून ठेवणारा स्पायडर फाटतो. ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) लावलेला असेल तर तोही आता नव्या ट्यूनिंगच्या हिशेबाने वर घ्यावा लागतो, आणि ते बहुतेक वेळा कुणी करत नाही.

मोठ्या पोर्टचा एक फायदा मात्र खराच आहे. लहान तोंडातून हवा जोरात जाते. वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास गेला की फसफस ऐकू येऊ लागते. तेव्हा क्षेत्रफळ वाढवायला हवंच, पण लांबीही त्याच हिशेबाने वाढवून. पोर्टच्या दोन्ही तोंडांना गोलाई दिली तरी फसफस बरीच कमी होते.

राहिला 'मावत नसेल तर कापा'. कापलं की ट्यूनिंग चढतं. त्याऐवजी एल्बो (पाइपचा कोपरा) लावून पाइप वळवा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजा. आतलं तोंड समोरच्या फळीपासून निदान एक व्यास दूर असू द्या. आणि ७५ सेंमीचा तो जाड पाइप बॉक्समधली साधारण १५ लिटर जागा खातो, हे सुताराला मापं देण्याआधी हिशेबात धरा.

पाइप चिकटवण्याआधी तो नुसता घट्ट बसवून, बाजूच्या फटी टेपने बंद करा. आवाज बेताचा ठेवून ७० हर्ट्झपासून एकेक टोन खाली उतरवत वाजवा आणि कोनकडे बघत राहा. ज्या टोनला कोन सगळ्यात कमी हलतो आणि पोर्टमधून हवेचा झोत सगळ्यात जोरात येतो, ते तुमच्या बॉक्सचं ट्यूनिंग. आकडा ठरवल्यापेक्षा वर आला तर पाइप लांब घ्या, खाली आला तर एकेक सेंटीमीटर कापत जा.