‘टीडीएस मीटर पुरे’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच निरोप मला चार व्हॉट्सॲप गटांवर आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘फिश टँकचं टेस्ट किट हा दुकानदारांचा धंदा आहे. पाणी स्वच्छ दिसतं, मासे खातात, म्हणजे पाणी चांगलंच. फारच वाटलं तर टीडीएस मीटर घ्या, पुरे. बोरचं पाणी माणूस पितो, मग माशाला का नाही चालणार? नसेल चालत तर आरओचं टाका. तळ्यातल्या माशांना कोण किट लावतं? आणि किट दरवेळी वेगळाच आकडा दाखवतं, त्याचा भरवसा काय?’

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आता पाच-सहा घरांत काचेची टाकी आहे, बहुतेक शाळकरी पोरांनी हट्टानं आणलेली. हा निरोप त्या घरांतही पोचला आणि दोघांनी घेतलेलं किट, म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंगावरून अमोनियासारख्या गोष्टी मोजायची पेटी, कपाटात ठेवून दिलं. म्हणून हे लिहितो आहे.

‘पाणी स्वच्छ दिसतं, म्हणजे चांगलं’

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतण्यानं टाकी आणली. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ५६ लिटर, प्रत्यक्षात ५० च्या आसपास. पहिल्याच दिवशी त्यात आठ गोल्डफिश सोडले. नवव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, ‘काका, मासे वर तोंड काढून राहिले. पाणी तं एकदम साफ आहे.’ मी गेलो. पाणी खरंच साफ होतं, टाकीतून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता येत होत्या. नळीत ५ मिलिलिटर पाणी घेतलं, अमोनियाच्या दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले. पाच मिनिटांत नळी गडद हिरवी झाली, कार्डावरच्या ४ पीपीएमच्या (लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या) खुणेशी जुळणारी. त्या आठवड्यात आठातले पाच गेले. फोनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ते सगळे दाणे खात होते.

अमोनियाला रंग नाही, आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. टाकी जुनी असेल तर फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात हवा असूनही मासा धापा टाकतो. या सगळ्यात पाणी काचेसारखंच राहतं. याउलट, नव्या लाकडाच्या ओंडक्यानं चहासारखं झालेलं पाणी माशाला मुळीच अपायकारक नसतं. डोळ्याला जे दिसतं ते इथं उपयोगाचं नाही.

‘टीडीएस मीटर घ्या, पुरे’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त पसरला आहे, कारण मीटर स्वस्त आहे आणि आकडा लगेच दिसतो. पण ते मीटर नेमकं काय मोजतं? पाण्यातून वीज किती सहज वाहते ते. त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज काढतं. कोणते क्षार, हे त्याला कळत नाही. आमच्या बोरचा टीडीएस ६५० आहे. पुतण्याच्या टाकीत ४ पीपीएम अमोनिया होता, म्हणजे साडेसहाशेत चाराची भर. असल्या मीटरवर सहसा २ टक्क्यांची चूकभूल लिहिलेली असते, साडेसहाशेला तेरा. मासे मारणारा आकडा मीटरच्या चुकीतच बुडून जातो.

दुसरं असं की सारखाच टीडीएस असलेली दोन पाणी अगदी वेगळी असू शकतात. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात आकडा चढतो तो मुख्यतः मिठाच्या जातीच्या क्षारांनी. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोरला तो चढतो कॅल्शियम-मॅग्नेशियमनं, तेच जे गिझरच्या कॉइलवर पांढरं बसतं. मीटरला दोन्ही सारखेच. थेंबांचं जीएच-केएच किट मात्र हा फरक दाखवतं. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, केएच म्हणजे पीएच सावरून धरणारे कार्बोनेटसारखे क्षार, आणि पीएच म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध. एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं, ५ मिलिलिटर पाण्याला लागलेला एक थेंब म्हणजे एक अंश, साधारण १८ पीपीएम. जीएच २० च्या पुढे गेला तर निऑन टेट्राचा नाद सोडा, मोली आणि गप्पी ठेवा. त्यांना जड पाणी मानवतं.

‘बोरचं पाणी माणूस पितो, मग माशाला का नाही?’

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या भागापुरता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

माणूस पाणी पितो, मासा त्यात श्वास घेतो. नळाचंच घ्या. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावाच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो आणि नळावर ओटी टेस्ट (थेंब टाकून क्लोरीन बघायची तपासणी) घेतो, पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं, असा पिण्याच्या पाण्याचा निकष आहे. आपल्याला हगवणीपासून वाचवणारा हा क्लोरीन माशाचे कल्ले मात्र भाजतो. पावसाळ्याच्या तोंडाला पावडरीचा हात सैल असतो, तेव्हा तर पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्याशिवाय किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय टाकीत ओतूच नये.

बोरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण त्याचा पीएच बघावा लागतो. आणि अमोनिया किती विषारी ठरेल हे पीएच आणि उष्णता मिळून ठरवतात. किट जो अमोनिया दाखवतं त्यात दोन रूपं असतात. एक माशाला फारसं लागत नाही, दुसरं कल्ल्यांतून थेट आत शिरतं. पाणी २५ अंशांवर आणि पीएच ७ असेल तर घातक रूप जेमतेम अर्धा टक्का असतं. पीएच ८ झाला की तेच ५ टक्क्यांच्या वर जातं. आता आपला मे महिना घ्या, कूलर असलेल्या खोलीतही टाकी ३० अंशांवर. पीएच ८.४ असेल तर १७ टक्के. म्हणजे किटवर १ पीपीएम दिसला तर त्यातला ०.१७ घातक, आणि ०.०५ च्या वर कल्ल्यांना इजा सुरू होते. पुस्तकात ‘१ पीपीएमला पाणी बदला, घाबरू नका’ असं वाचून आपण निवांत बसावं, हे आपल्या पाण्याला परवडणारं नाही.

यात एक फसगत आहे आणि ती मी स्वतः दोन वर्षं करून घेतली. बाजारात सर्रास मिळणारं साधं पीएच किट ६.० ते ७.६ एवढंच मोजतं. पाणी ८.४ चं असलं तरी त्याचा निळा रंग ७.६ वरच थांबतो, पुढे त्याला सांगताच येत नाही. मी वहीत ‘पीएच ७.६, छान’ असं लिहीत राहिलो. ३० अंशांवर ७.६ आणि ८.४ यांत घातक अमोनियाचा फरक पाचपटीहून जास्त आहे. बोरवाल्यांनी ७.४ ते ८.८ मोजणारं, वरच्या पट्ट्याचं पीएच किटच घ्यावं. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा. आणि पीएच बोरमधून काढल्या काढल्या मोजू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो पीएच दाबून ठेवतो. बादलीभर पाणी एअर पंप लावून एक दिवस ठेवा, मग जो आकडा येईल तो टाकीतला खरा आकडा.

नायट्रेटचंही तसंच. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत ती ओलांडणाऱ्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, बुलढाणा ही आपली नावं आहेत. कपाशीला दिलेला युरिया, गोठ्याची घाण, संडासाचे शोषखड्डे, सगळं अखेर त्याच पाण्यात झिरपतं. ‘नायट्रेट वाढलं, पाणी बदला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण बोरच ५० चं असेल तर कितीही पाणी बदललं तरी टाकी ५० च्या खाली येणार नाही. म्हणून टाकीच्याही आधी बोर तपासा. जे पाणी आपली लेकरं पितात त्याचाही अंदाज त्यातून येतो. आकडा चढा दिसला तर जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना द्या, घरगुती किटवर थांबू नका.

‘नसेल चालत तर आरओचं टाका’

वॉटर एटीएमच्या आरओ पाण्यात केएच जवळपास नसतोच. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा केएच खर्च होतो. तो संपला की पीएच एका रात्रीत कोसळतो आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. बोर आणि आरओ मिसळून वापरा, आणि किती मिसळायचं ते केएचचे थेंब मोजून ठरवा.

‘तळ्यातल्या माशांना कोण किट लावतं?’

भंडारा-गोंदियाकडे माझं आजोळ आहे. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव मी लहानपणापासून पाहिले आहेत. तिथले ढिवर पाण्याचा रंग, बुडबुडे आणि पहाटे मासा कुठं उभा आहे एवढ्यावरून पाणी ओळखतात. पिढ्यांची ती विद्या आहे, तिला मी किटपेक्षा कमी लेखत नाही. पण ती एकरांनी पसरलेल्या पाण्याची विद्या आहे. तिथं चिखल आहे, शेवाळ आहे, वारा आहे, दरवर्षी नवा पाऊस आहे. ५० लिटरच्या काचेच्या डब्यात यातलं काहीच नाही. त्यात आपलं भारनियमन. सहा-आठ तास फिल्टर बंद राहिला की स्पंजातले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात. रात्री वीज गेली असेल तर दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासायचाच.

‘किट दरवेळी वेगळा आकडा दाखवतं’

ही तक्रार खरी आहे, लोक ती मनानं रचत नाहीत. पण बहुतेक वेळा चूक हाताची असते. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत न विरघळणारी भुकटी असते, ती तळाला बसते. बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, थेंब टाकल्यावर नळी पूर्ण मिनिटभर हलवली नाही, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. थेंब टाकताना बाटली उभी उलटी धरा, तिरपी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नळी आधी त्याच पाण्यानं विसळा. रंग पिवळ्या बल्बखाली वाचू नका, दिवसा ओसरीत पांढऱ्या कागदासमोर धरा. अमोनियाच्या फिक्या हिरव्यावर तर दोन माणसांचं एकमत होत नाही. त्याला तोड अशी: बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर दुसऱ्या नळीत घ्या, त्यातही तेच थेंब टाका आणि दोन्ही नळ्या शेजारी धरा. डिस्टिल्डही तेवढंच हिरवं दिसलं तर तुमच्या पाण्यात अमोनिया नाही.

किट खरंच बिघडलं आहे का, हेही घरी कळतं. टाकीचं पाणी आणि डिस्टिल्ड निम्मं-निम्मं मिसळा, नायट्रेटचा आकडा साधारण निम्मा यायला हवा. नाही आला तर किट बाद. उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये किंवा कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेल्या किटवर माझा विश्वास नाही, मी डिसेंबरातच मागवतो. पाण्यात बुडवून रंग बघायच्या कागदी पट्ट्या मात्र पावसाळ्यात टिकत नाहीत. ओल्या बोटांनी एकदा डबी उघडली की दमट हवेनं सगळ्या पट्ट्यांचे रंग बिघडतात, आणि बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाचा चौकोनच नसतो.

‘दुकानदारांचा धंदा’

यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करतो. ‘पीएच डाऊन’च्या बाटल्या बोरवाल्यानं घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. केएच जास्त असला की पीएच दोन दिवसांत परत वर येतो, मधल्या हेलकाव्यात मासा भरडला जातो. सगळं एका पेटीत असलेलं मोठं किटही पहिल्या दिवशी लागत नाही. आधी अमोनिया आणि वरच्या पट्ट्याचा पीएच घ्या, मग नायट्राइट. नायट्रेट आणि केएच दोघा-तिघांनी मिळून घेतलं तरी चालतं, आमच्या गावात तसंच केलं आहे. एपीआय या कंपनीच्या अमोनिया किटवर १३० तपासण्या लिहिलेल्या असतात, आठवड्याला एक धरली तर अडीच वर्षं. टाकी जुनी झाली, महिनाभर अमोनिया-नायट्राइट शून्य राहिलं, की रोज तपासायची गरज नाही. नवा मासा आणला, फिल्टर धुतला, वीज बराच वेळ गेली किंवा मासा मेला, तेव्हा तपासा.

पुतण्याकडे आता तीन गोल्डफिश आणि एक वही आहे. वहीच्या पहिल्या पानावर टाकीचं काही नाही, बोरचे आकडे आहेत: एकदा मे महिन्यात पाणी खोल गेल्यावरचे, एकदा पोळ्यानंतर जमीन भिजून पाणी चढल्यावरचे. दोन्हींत केएच आणि नायट्रेट सारखे नाहीत. तुमच्याही बोरचे नसतील, तेव्हा वर्षातून या दोन्ही वेळी बोर वेगवेगळा मोजा.