नियमराजाचा दंडक आणि माथ्यावरचं पाणी
ओडिशातल्या नियमगिरीवरच्या लेखात डोंगरिया कोंध आदिवासींच्या नियमराजाला, म्हणजे त्यांच्या डोंगरदेवाला, नुसती 'श्रद्धा' म्हटलंय, ते फार अपुरं वाटलं. माथ्यावरचं झाड तोडायचं नाही, हा त्याचा दंडक. आता तो माथा बघा: सच्छिद्र बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा थर. पावसाळ्यात पाणी शोषून घेतो आणि पुढे उन्हाळ्यातही झऱ्यांना हळूहळू सोडत राहतो. खाणीसाठी हा थर खरवडला की आधी झरे आटणार, मग उतारावरची हळद, अननस, फणस. नियमराजाच्या कथेनं राखलंय ते हेच पाणी. कपडागंडा शालीवर कोंध बायका सुईनं त्रिकोण भरतात ना, ते डोंगरच! आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं भरलेल्या सर्व १२ ग्रामसभांनी इथली बॉक्साइटची खाण नाकारली, हा उल्लेख तर हवाच होता.