वाड्याला आधी राबता द्या

गावातला जुना वाडा पडायला आला की सूचना दोनच येतात. पाडून खाली गाळे काढा, नाहीतर म्युझियम करा. गाळेवाल्यांशी काय भांडणार, त्यांचं भाडं रोख असतं. माझं भांडण म्युझियमवाल्यांशी आहे.

चाळीसगावला केकी मूस यांच्या घराचं संग्रहालय झालं आणि ते शोभतं, कारण आत त्यांनी काढलेली छायाचित्रं आहेत, त्यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आहे. पण दर वाड्यात केकी मूस राहत नव्हते ना! आपल्याकडे दोन पितळी हंडे, एक जातं आणि कुणाच्या तरी पणजोबांचा फेट्यातला फोटो. उद्घाटनाला आमदार, नंतर कुलूप.

आणि आपले वाडे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे. अशा घराला मारतं ते कुलूपच. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून चोपावी लागते, उगवलेलं गवत उपटावं लागतं, पाणी जायची वाट मोकळी करावी लागते. घरात वावर असला की गळती पहिल्या पावसात दिसते. बंद घरात ती दिसते तोवर सागवानी तुळई कुजलेली असते.

म्हणून मी म्हणतो, अभ्यासिका काढा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि भरतीची तयारी करणारी पोरं पत्र्याच्या खोल्यांत भाजून निघतात. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीआड दुपार सुसह्य असते. पोरांच्या महिन्याच्या फीमधून राखणदाराचा पगार आणि धाब्याची माती निघावी, एवढाच हिशेब. उन्हाळ्यात चौक बचत गटाला द्या, बिबड्या आणि उडदाचे पापड तिथेच होतील. कापसाच्या गावांतली बंद जिनिंगची शेडं तर याहून सोपी, उंच नि ऐसपैस. आठवडे बाजारालाही चालतील.

फक्त डागडुजीच्या नावाखाली मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. माती किंवा चुनाच लावा. गवंडी कुरकुर करेल, करू द्या.

खरी अडचण उताऱ्यावरच्या नावांची. भाऊबंद पुण्यात, सुरतेत, गावात विचारलं तर उत्तर एकच, "आते कोन राहस तठे?" विकायला सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत, पण वाडा आपलाच राहणार म्हटल्यावर भाडेपट्ट्याला माणसं तयार होतात. दहा-पंधरा वर्षांचा करा आणि रीतसर नोंदवा. वर्षावरच्या मुदतीला नोंदणी लागतेच. तोंडी शब्दावर कुणी धाब्यात पैसे घालणार नाही.

आमच्या गल्लीतल्या वाड्याचे वारस हे वाचत असतील तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येताच आहात. येताना उतारा घेऊन या, बसून बोलू.