गगनयान लेट झालं म्हणून हसणाऱ्यांनो, जरा ऐका

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर मामांचा मेसेज. "2022 ला माणूस पाठवणार होते ना अंतराळात? काय झालं मग?" खाली लगेच हसणाऱ्या इमोजींची रांग. चांद्रयान-3 उतरलं तेव्हा याच मामांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते बरं का.

मला ते ऑक्टोबर 2023 आठवलं. 21 तारीख, शनिवार, आम्ही सगळे मामांकडेच टीव्हीसमोर बसलेलो. गगनयान म्हणजे आपल्याच रॉकेटने, आपल्याच यानातून माणूस अंतराळात पाठवायची इस्रोची मोहीम. तिची 'टीव्ही-डी1' नावाची चाचणी होती, म्हणजे उड्डाणात गडबड झाली तर अंतराळवीरांचं यान रॉकेटपासून ओढून लांब नेता येतं का ते बघायचं. आधीच हवामानामुळे उशीर, आणि काऊंटडाऊन शेवटच्या पाच सेकंदांवर आला नि थांबला! सिस्टिमला काहीतरी खटकलं, तिने स्वतःच थांबवलं. मामा म्हणाले, "झालं, फुस्स," आणि टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले. इस्रोने दोष शोधला, दुरुस्त केला आणि दहा वाजता उडवलं. यान सुटं झालं, पॅराशूट उघडली, समुद्रात उतरलं, नेव्हीने बाहेर काढलं. मामा तेव्हा पूजेला बसले होते.

तर मुद्दा हा की ते पाच सेकंदांवर थांबणं हेच तर काम आहे ना! आत माणसं बसणार आहेत. सोव्हिएत रशियाने 1967 मध्ये घाई केली, सोयुझ-1 यानात दोष आहेत हे माहीत असताना उडवलं, परत येताना मुख्य पॅराशूट नीट उघडलंच नाही आणि आत बसलेला अंतराळवीर कोमारोव्ह गेला. त्याच वर्षी जानेवारीत अपोलो-1 यानात तीन अमेरिकन अंतराळवीर जमिनीवरच्या चाचणीत लागलेल्या आगीत गेले. चीनने आपला पहिला अंतराळवीर यांग लिवेई 2003 मध्ये पाठवला, पण त्याआधी माणसाशिवाय चार शेनझोऊ यानं उडवून बघितली. आणि आपण म्हणायचं, उडवा लवकर?

नुसतं पॅराशूटचंच घ्या. गगनयानात दहा आहेत, दहा! दोन वरचं झाकण काढायला, दोन वेग कमी करायला, मग तीन छोटी, ती तीन मोठी बाहेर ओढणार. त्या मोठ्या तिनातलं एक नाही उघडलं तरी दोनांवर यान उतरलं पाहिजे. यासाठी ऑगस्ट 2025 मध्ये जवळपास पाच टनांचं डमी यान चिनूक हेलिकॉप्टरमधून खाली सोडून बघितलं. त्याचे पेढे कोणी वाटले? बातमी तरी किती जणांनी वाचली?

हां, लाल किल्ल्यावरून 2018 मध्ये 2022 ची तारीख सांगून टाकायची गरज नव्हती, हे मान्य. आणि पैसाही ठरला होता त्यापेक्षा बराच जास्त लागतोय, तेही मान्य. पुढे.

खरं सांगू का, चिडून लिहायला बसलो होतो पण आता गगनयानासाठी निवडलेल्या त्या चौघांचा विचार येतोय. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशू शुक्ला. 2020 ला रशियात ट्रेनिंग सुरू झालं आणि देशाला नावं कळली थेट फेब्रुवारी 2024 मध्ये. एवढी वर्षं कोणाला सांगायचं नाही, रोज सराव करायचा, आणि तारीख पुढे गेली की परत सराव. त्यातल्या शुभांशूला 2025 मध्ये अमेरिकन रॉकेटमधून स्पेस स्टेशनवर जाऊन यायला मिळालं, बाकीचे अजून वाटच बघतायत. राकेश शर्मा 1984 ला गेले तेही सोयुझमधून, दुसऱ्याच्या यानातून. आपल्या रॉकेटवर, आपल्या यानात, श्रीहरिकोटाहून अजून कोणीच गेलेलं नाही. वाट बघून कंटाळायचाच हक्क असेल तर तो या चौघांना आहे, ग्रुपवर अंगठे हलवणाऱ्यांना नाही.

गगनयान माणसं घेऊन उडेल त्या दिवशी मी रजा टाकणार आहे, आधीच सांगून ठेवतो. काऊंटडाऊन परत पाच सेकंदांवर अडकला तर दुसऱ्या दिवशीची पण टाकेन. साहेबांना काय कारण द्यायचं ते बघू.