काकूंचा टॅक्स शून्य होता

"३१ मार्चच्या आत तोटा बुक करा, टॅक्स वाचवा." म्हणजे पडलेले शेअर विकून तोटा दाखवा, तो नफ्यातून वजा होईल आणि टॅक्स कमी बसेल. ब्रोकरचा मेसेज, ॲपची सूचना, आणि आज तर आमच्या घरच्या ग्रुपवर आत्तेभावाने टाकलेलं लाल अक्षरांचं पोस्टर. खाली घड्याळ, किती दिवस उरले ते. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. कुणाचा टॅक्स, किती टॅक्स, हे एकानेही विचारलं नाही.

मी गप्प बसणार होते. पण दुपारी बडोद्याच्या दांडिया बाजारातून काकूंचा फोन आला. "अगं, तो ब्रोकरकडचा मुलगा परत विचारतोय, यंदा काय काय विकायचं म्हणून." तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले.

गेल्या मार्चमध्ये काय झालं ते सांगते. काका आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत होते. नव्वदच्या दशकात बडोद्याचा स्वतःचा शेअर बाजार होता, सयाजीगंजात. तेव्हापासून काका पगारातून थोडे थोडे शेअर घेत आले. ते गेल्यावर सगळं काकूंच्या नावावर झालं. काकूंचं उत्पन्न म्हणजे फॅमिली पेन्शन आणि एफडीचं व्याज, मिळून वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. दिवाळीआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं, त्यासाठी काकांचे काही जुने शेअर विकले. त्यात नफा झाला ९५ हजारांच्या घरात.

आता नीट वाचा. वर्षाहून जास्त ठेवलेल्या लिस्टेड शेअरवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही. २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये ही मर्यादा १ लाखावरून १.२५ लाख झाली आणि दर १० टक्क्यांवरून १२.५. वारसाने आलेल्या शेअरला काकांची खरेदीची तारीख आणि काकांचीच किंमत धरतात, म्हणजे हा सगळा नफा दीर्घ मुदतीचा. ९५ हजार म्हणजे सव्वा लाखाच्या आतच. काकूंचा टॅक्स शून्य होता.

आणि त्या माणसाने त्यांना टॅक्स वाचवायला शेअर विकायला लावले.

"बा, लॉस बुक करी नाखो, टॅक्स बची जशे." काकूंना तो 'बा', म्हणजे गुजरातीत आई, म्हणतो, म्हणून काकू त्याला घरातलाच समजतात. चहा देतात, खारे शेंगदाणेही देतात. त्याने काकांच्या यादीतले दोन पडलेले शेअर काढले. एक विकून टाकला, ६० हजारांचा तोटा. दुसरा सकाळी विकला आणि दुपारी परत घेतला, "शेअर पण राहील आणि लॉस पण मिळेल" म्हणून.

काँट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, पाहिली तेव्हा माझे हात थरथरत होते. त्याच दिवशी विकून त्याच दिवशी तेवढेच परत घेतले की डिलिव्हरी होतच नाही, म्हणजे शेअर खात्यातून जातच नाहीत. तो इंट्राडेचा व्यवहार धरतात. काकांच्या वेळचा जुना तोटा जिथल्या तिथे राहतो, हिशोबात येतो तो फक्त सकाळ-दुपारच्या भावातला फरक, तोही सट्ट्याच्या खात्यात. परत घ्यायचाच असेल तर निदान दुसऱ्या दिवशी घ्यावा लागतो. हे त्या मुलाला माहीत नसेल तर त्याने हा धंदा करू नये. माहीत असेल तर मग बोलायलाच नको.

आणि तो पहिल्या शेअरचा ६० हजारांचा तोटा? तोही फुकट गेला. त्याच वर्षीचा दीर्घ मुदतीचा तोटा आधी त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावाच लागतो, तो बाजूला ठेवून पुढच्या वर्षी नेता येत नाही. ९५ हजारांतून ६० गेले, उरले ३५. आधी ९५ वर टॅक्स शून्य, आता ३५ वर टॅक्स शून्य. काकूंच्या हातात काय आलं? दलाली, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), डीपी चार्ज (डिमॅट खात्याचा आकार), आणि काकांच्या वहीतली एक ओळ कमी.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. काकांनी प्रत्येक शेअर कधी घेतला, कितीला घेतला, हे हाताने लिहून ठेवलंय. बोनस शेअर आले की लाल पेनाने. काकूंना त्यातलं काही कळत नाही, पण महिन्यातून एकदा त्या ती वही काढून बसतात. शेअर पडलाय की चढलाय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. गुंतवणुकीचं शहाणपण म्हणतं की पडलेल्या शेअरवर जीव लावू नये. बरोबर असेल. पण विकायचाच असेल तर शेअर वाईट आहे म्हणून विका, बाईला खोटी भीती घालून का विकता?

म्हणजे मी म्हणते, तारखेची भीती घालून धंदा करायचा हा काय प्रकार आहे? हे ते शहर आहे जिथे सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली. आमच्या आजोबांनी त्या बँकेत पासबुक उघडलं तेव्हा काउंटरवरच्या माणसाने त्यांना नीट बसवून समजावलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आणि आज घरी येऊन चहा पिणारा माणूस एका विधवेचा टॅक्स किती आहे हे न विचारता तिचे शेअर विकतो.

ठीक आहे, थोडी शांत होते.

हो, तोटा बुक करणं ही चोरी नाही, कायद्यातच आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाला अल्प मुदतीचा, म्हणजे वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरचा, दोन लाखांचा नफा होता, त्यावर २० टक्के लागतात. त्याने ८० हजारांचा अल्प मुदतीचाच तोटा मार्चमध्ये काढला आणि १६ हजार वाचवले, वर उपकरही. त्याचं बरोबर होतं. ज्यांना खरंच टॅक्स बसतो त्यांनी जरूर करावं, माझं काही म्हणणं नाही.

पण तिथेही अर्धीच गोष्ट सांगतात. तोटा काढून तोच शेअर दुसऱ्या दिवशी खालच्या भावात परत घेतला की तुमची खरेदीची किंमत खाली आली. पुढे भाव चढला की त्या खालच्या किमतीपासून नफा मोजणार, म्हणजे आज वाचलेला टॅक्स बराचसा पुढे ढकलला गेला. आणि बारा महिन्यांचं घड्याळ नव्याने सुरू. सात महिन्यांनी मुलाच्या फीसाठी विकावा लागला तर १२.५ नाही, २० टक्के. शिवाय लाखाचा दीर्घ मुदतीचा तोटा झाला तर वाचतात, उपकर सोडून, जास्तीत जास्त साडेबारा हजार. बाकीचे साडेसत्याऐंशी गेलेलेच आहेत. तोटा म्हणजे कमाई असल्यासारखं लोक बोलतात तेव्हा मला खरंच राग येतो.

अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. पगारातून यातलं काहीच वजा होत नाही. माझ्या एका भाच्याला वाटत होतं की क्रिप्टोतला तोटा पगारातून वळता होईल. क्रिप्टोतला तोटा तर कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनसुद्धा नाही, आणि नफा झाला की सरळ ३० टक्के. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोस्टर मात्र त्यानेही पुढे पाठवलं होतं.

काकूंकडे परत येते, कारण माझ्या मनातून ते जात नाही. खरं म्हणजे काकूंसाठी मार्चमध्ये नेमकं उलटं काम होतं. नफ्याचे ३० हजार अजून सव्वा लाखात बसत होते. काकांचा एखादा चढलेला शेअर तेवढ्या नफ्यापुरता विकून दुसऱ्या दिवशी परत घेतला असता, तर खरेदीची किंमत वर गेली असती आणि पुढे कधी विकताना तेवढा टॅक्स खरोखर वाचला असता. दलाली त्यातही मिळाली असती त्या माणसाला! पण त्यासाठी पाच मिनिटं बसून हिशोब करावा लागतो. तो केला नाही. घाऊक मेसेज आला, त्याने घाऊक फोन फिरवले.

मी त्याला फोन केला होता तेव्हा. म्हणाला, "बेन, बधाने एज कहीए छीए." सगळ्यांना हेच सांगतो! अहो, सगळ्यांचा टॅक्स एक आहे का? दांडिया बाजारातली पेन्शनवरची बाई आणि अलकापुरीतला कारखानदार यांना एकच औषध?

आता कुणीतरी खाली लिहिणार की काकूंनी सही का केली, ओटीपी का दिला. दिला, कारण तो 'बा' म्हणाला. दिला, कारण काका असते तर त्यांनी बघितलं असतं. वयाने मोठ्या माणसाने विश्वास ठेवला यात तिचा दोष काढू नका, निदान माझ्या भिंतीवर तरी नको.

या आठवड्यात घरातल्या मोठ्यांशेजारी बसा. यंदा काही विकलं का, किती नफा झाला, आणि बाकीचं उत्पन्न धरून टॅक्स बसतो का, एवढं बघा. शून्य असेल तर टॅक्सच्या नावाखाली कुणालाही काही विकू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. काँट्रॅक्ट नोट मेलवर येते, ती मागून घ्या, तारखा बघा. टॅक्स बसत असेल तर सीएकडे जा, आणि ३१ तारखेच्या रात्री नको, आधी जा.

आणि ज्यांनी आधीच विकलंय, ज्यांचा तोटा नफ्यापेक्षा जास्त आहे, त्यांनी रिटर्न मुदतीत भरा, आपल्यासारख्यांना साधारण ३१ जुलै. मुदतीत भरलं तर तो उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, उशीर झाला तर नाही. भरून द्यायला घरात कुणी नसेल तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी घरीच असते, कागद घेऊन या.