हुन्नर बोर्डावर, माणूस गेटबाहेर

कंपन्यांना माणसाची पारख नाही, असं आपण सर्रास म्हणतो. मला पटत नाही. चाकणच्या कुठल्याही बऱ्या प्लांटमध्ये जा, लाइनच्या तोंडाशी स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड दिसेल. प्रत्येक नावापुढे गोल, गोलाचे चार भाग. एक भरला म्हणजे पोरगा शिकतोय, चारही भरले म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. एवढं लख्ख तर शाळेचं प्रगतिपुस्तकही सांगत नाही. कळतं सगळं.

गोची पुढे आहे. आमच्या स्पॉट वेल्डिंगला एक दादा होते. ठिणग्या कशा उडतायत ते बघून टिप घासलीय हे सांगायचे. चारही भाग केव्हाच काळे. पण लीडरची जागा निघाली की साहेब म्हणणार, "त्यांना हलवलं तर स्टेशन कोण बघणार?" आणि जागा जायची तीन भागवाल्याला. काम येतं, हाच गुन्हा!

टेम्पररी पोरांचं तर विचारूच नका. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरायचे. मग काढताना नोटीस आली, भरपाई आली. त्या धास्तीनं सात महिन्यांवर ब्रेक द्यायची पद्धत पडली. पोराचा तिसरा भाग भरत येतो, हात बसतो, आणि गेटपास जमा. दुसऱ्या दिवशी नवा पोरगा, कोरा गोल. रिजेक्शन वाढलं की मीटिंग, फिशबोन (दोषाची कारणं मांडायचा माशाच्या काट्यासारखा तक्ता), आणि त्यातल्या 'मॅन'खाली कारण: ऑपरेटर नवीन. उपाय: ट्रेनिंग दिले. (सही माझीच असते.)

आणि हे सगळं टोयोटाच्या पद्धतीच्या नावानं! टोयोटाचे एजी टोयोडा १९५० मध्ये फोर्डचा कारखाना बघून आले आणि १९५१ मध्ये टोयोटात कामगारांकडून सूचना घ्यायची योजना सुरू झाली. तिथे दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढून मदत मागू शकतो, लाइन थांबवू शकतो. आपण सूचनेचा फॉर्म तेवढा उचलला, दोरी तिथेच ठेवली. आमच्याकडे कायझेनचंही, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांचंही, माणशी टार्गेट. मग या महिन्यात कचऱ्याचा डबा डावीकडून उजवीकडे, पुढच्या महिन्यात उजवीकडून डावीकडे.

माझी मागणी साधी आहे. दर अप्रेझलला एचआरनं दोन आकडे सांगावेत: चारही भाग भरलेल्यांपैकी लीडर किती झाले, आणि ब्रेक दिलेल्यांपैकी कायम किती झाले. हे कायझेन म्हणूनच देणार होतो, पण फॉर्मला सुधारणेच्या 'नंतर'चा फोटो लागतो.