गोदामाचं पंचांग

भिवंडीत गोदामाचा शिफ्ट इन्चार्ज व्हायचं तर एक्सेल येऊन भागत नाही, पंचांग यावं लागतं. कोणाचा गणपती किती दिवसांचा, हे मला तोंडपाठ आहे. दीड दिवसवाला माणूस म्हणजे रत्न! मालवणच्या पॅकरचा बाप्पा एकवीस दिवस हलत नाही. ‘थोडं कमी नाही का होत?’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘आजोबांक इचारून सांगतंय.’ त्यासाठीही त्याला दोन दिवस गावी जायचं होतं.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून कोकणवाल्यांचा अर्ज आषाढातच येतो. अर्ज कसला, तिकिटाचा फोटो. खाली एक ओळ : ‘सर, कन्फर्म झालंय.’ म्हणजे रजा मंजूर!

खरा कायदा २०१७चा, दुकाने आणि आस्थापनांचा. वर्षाला आठ किरकोळ रजा, २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा, शिवाय सणांच्या आठ सुट्ट्या. त्यांतल्या चार सरकारनंच ठरवून दिल्यात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चारांत गणपती, दसरा, दिवाळी, ईद आणि छठ कसे बसवायचे, ते मी बघायचं. त्यात नेमका दसऱ्या-दिवाळीलाच ऑनलाइनचा सेल. सगळ्या महाराष्ट्राची खरेदी आमच्या डॉकवर आणि आमची माणसं गावाला.

पण गणपती परवडले, हळद नको. आमचे बरेचसे लोडर आसपासच्या गावांतले आगरी. मे महिन्यात रोज कोणीतरी सांगतो, ‘सायेब, हलद हाय.’ रजा कोणीच मागत नाही, हळद रात्री असते ना! कायद्यानं दहाला बंद होणारा डीजे पहाटे थांबतो आणि सातच्या पाळीला हजेरीपटावर खाडेच खाडे. जे येतात ते कोपरापर्यंत पिवळे. एकानं तशाच हातांनी खोकी चढवली. मिक्सरच्या पांढऱ्या खोक्यावर पाचही बोटं स्वच्छ उमटली. गिऱ्हाइकाला शुभशकुन वाटला असावा, माल परत आला नाही.

यंदा मी डोकं चालवलं. हळद कधी ते आधीच विचारून घेतलं आणि त्या गावच्या सगळ्या पोरांना दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी लावून टाकली. रात्रभर नाचा, सकाळी झोपा, दोनला या. पोरं खूश होतील असं वाटलं होतं. पण ती एकमेकांकडे बघत उभीच. शेवटी त्यातला थोरला पुढे आला.

‘सायेब, लगीन दुपारचा हाय.’